पाठवायला एकटा पुरला

चर्चच्या सभासदांना प्रार्थनेची वेळ कळवणाऱ्या साध्यासुध्या सॉफ्टवेअरमध्येही मजकूर कोणी लिहायचा आणि तो सगळ्यांना कोणी पाठवायचा, हे वेगवेगळं ठरवून देता येतं. पुष्कळदा कोणी ठरवत नाही, आणि रविवारचं काही अडतही नाही. अमेरिकेच्या हवाई राज्यात आणीबाणीचे इशारे देणारी यंत्रणाही याच सैलपणावर चालली होती. तिच्या संदेशाच्या टप्प्यात मात्र सुमारे चौदा लाख वस्तीचं अख्खं राज्य होतं.

जुलै २०१७. होनोलुलूजवळ डायमंड हेड या जुन्या ज्वालामुखीच्या विवरात असलेल्या, हे इशारे देणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात एका वृत्तसंस्थेचा छायाचित्रकार येतो. फोटोत मॉनिटरवर चिकटवलेली एक चिठ्ठी दिसते. चिठ्ठीवर पासवर्ड आहे. (तो इशाऱ्यांच्या यंत्रणेचा नव्हता, असा खुलासा पुढे झाला. असेलही.)

१ डिसेंबर २०१७. उत्तर कोरियाच्या क्षेपणास्त्रांच्या धास्तीने हवाईत हल्ल्याचा सायरन वाजवून पाहिला जातो, शीतयुद्धानंतर पहिल्यांदाच. इशारा मिळाल्यावर हाताशी फार तर पंधरा मिनिटं राहतील, हे लोकांना ठाऊक असतं.

१३ जानेवारी २०१८, शनिवार, सकाळी ८.०५. रात्रपाळी सुटते आहे, दिवसपाळी बसते आहे. रात्रपाळीचा पर्यवेक्षक नेमक्या याच वेळी न सांगता सराव घेतो. लष्कराच्या पॅसिफिक कमांडकडून फोन आल्याची बतावणी करून ध्वनिमुद्रित संदेश ऐकवला जातो. त्याच्या सुरुवातीला आणि शेवटी ‘सराव, सराव, सराव’ असं आहे. मधे मात्र ‘हा सराव नाही’ हे वाक्यही शिरलं आहे. ठरलेल्या संहितेत ते नव्हतं. दिवसपाळीच्या प्रमुखाचा समज असा, की सराव सुटणाऱ्या पाळीपुरता आहे. त्यामुळे देखरेखीला कोणीच उभं नाही.

८.०७. खोलीतल्या इतरांना कळतं की हा सराव आहे. संगणकापुढच्या कर्मचाऱ्याला तो खरा हल्ला वाटतो. निदान त्याने नंतर तसं सांगितलं. चाचणीचा संदेश आणि खरा संदेश एकाच पडद्यावरून, एकाच लॉगिनने जातो. सॉफ्टवेअर एवढंच विचारतं: हा इशारा नक्की पाठवायचा? तो ‘हो’ म्हणतो. दुसऱ्या कोणाची संमती लागत नाही. राज्यभरातले फोन किंचाळतात: हवाईकडे बॅलिस्टिक क्षेपणास्त्र येत आहे, ताबडतोब आसरा घ्या, हा सराव नाही.

पहिल्या दिवशी सरकारने ‘चुकीचं बटण दाबलं गेलं’ असं सांगितलं. पण बोट चुकलं नव्हतं, समज चुकला होता. अशा वेळी ‘नक्की ना?’ हा प्रश्न काय उपयोगाचा? ज्याची खात्री पटली आहे, तो ‘नक्की’च म्हणणार. त्याला अडवायला दुसरा माणूस लागतो, आणि तो यंत्रणेत नव्हताच.

८.०९. इशारा खोटा असल्याचं गव्हर्नर डेव्हिड इगे यांना कळतं. रस्त्यावर माणसं धावताहेत. एका चित्रफितीत मुलांना गटारात उतरवलं जातंय.

८.१०. पॅसिफिक कमांड सांगते, क्षेपणास्त्र नाही.

८.१२. इशारा रद्द केला जातो. पण या ‘रद्द’ने फक्त पुढचं प्रसारण थांबतं. ज्यांच्या फोनवर तो आधीच पोहोचला, त्यांना काहीच कळत नाही. ते अजून न्हाणीघरात दडून आहेत.

८.२०. संस्था फेसबुक आणि ट्विटरवर खुलासा टाकते. खासदार तुलसी गबार्ड यांनी तोवर स्वतःहून ‘खोटा इशारा’ असं ट्वीट केलेलं असतं.

८.२४. गव्हर्नरांचं ट्वीट येतं. कळल्यापासून पंधरा मिनिटांनी! आपल्याला ट्विटरचा पासवर्ड माहीत नव्हता, हे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केलं. राज्याला हादरवण्याचा अधिकार पाळीवरच्या एका माणसाच्या हाती होता; राज्याच्या प्रमुखाला मात्र स्वतःच्याच खात्यात शिरता येत नव्हतं.

८.३०. आता अधिकाऱ्यांना परवानगी आठवते. फोनवर दुरुस्तीचा संदेश पाठवायला केंद्राच्या आपत्ती-व्यवस्थापन संस्थेची, फेमाची, संमती लागते का? फोन लावून विचारलं जातं. ती लागत नव्हतीच. हल्ल्याचा इशारा देताना मात्र कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

८.३१. दुरुस्तीचा मजकूर तयार करायला सुरुवात. हल्ल्याचा मसुदा आधीपासून तयार होता; ‘इशारा खोटा आहे’ असा मसुदा करून ठेवायचं कोणाला सुचलं नव्हतं.

८.४५. दुरुस्ती फोनवर पोहोचते. अडतीस मिनिटं झालेली असतात.

तीनच दिवसांनी जपानमध्ये एनएचके या प्रसारण संस्थेनेही असाच खोटा इशारा चुकून पाठवला. तिथे पाच मिनिटांत दुरुस्ती झाली.

३० जानेवारी. हवाईच्या संस्थेचे प्रमुख व्हर्न मियागी यांचा राजीनामा जाहीर होतो, ‘हो’ म्हणणाऱ्याची नोकरी गेल्याचंही. याआधीही दोनदा त्याने सराव खरा मानल्याचं चौकशीत निघतं. तरी त्याचं लॉगिन तसंच चालू राहिलं होतं. तोवर इशारा पाठवायला दोघांची संमती आवश्यक झालेली आहे आणि ‘इशारा खोटा आहे’ हा मसुदाही तयार आहे.