जिंजी, बीकेसी आणि आमची सर्व्हर रूम

"तू नक्की करतोस काय रे?" हा प्रश्न मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात एकदा तरी होतोच. पूर्वी मी "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढं सांगून सुटायचो. मागच्या गणपतीत मात्र आरतीनंतर एका काकांनी पिच्छाच पुरवला. म्हटलं, "काका, एक सर्व्हर पडला तर दुसऱ्याने लगेच त्याची जागा घ्यायची, आणि दोन्ही गेले तर कालची प्रत कुठेतरी शिल्लक असायची. ही व्यवस्था लावणं हे माझं काम." काका इतिहासाचे निवृत्त शिक्षक, मुलाकडे चार महिन्यांसाठी बहारीनला आलेले. प्रसादाची वाटी खाली ठेवत ते म्हणाले, "म्हणजे जिंजी!"

या एका शब्दाने माझी पुढची कित्येक रात्रींची झोप घालवली. वीस वर्षं मी ज्या गोष्टीची पॉवरपॉइंट दाखवतोय, ती आपल्या शाळेच्या पुस्तकात होती की!

मंडळी, तारखा एकदा डोळ्यांसमोर आणा. फेब्रुवारी 1689 मध्ये संभाजी महाराज संगमेश्वरला पकडले गेले, मार्चमध्ये त्यांची हत्या झाली. मधल्या काळात रायगडावर राजाराम महाराजांचं मंचकारोहण झालं. मोगल फौज रायगडाला वेढा घालणार हे दिसत होतं. तेव्हा येसूबाईंनी गड सोडला नाही, पण राजारामांना बाहेर काढलं. माझ्या भाषेत सांगायचं तर मूळ यंत्रणा पडण्याआधीच सूत्रं हलवली. प्रतापगड, पन्हाळा आणि मग वेषांतर करून बेदनूरमार्गे दक्षिणेत. केळदीच्या राणी चेन्नम्मांनी वाटेत आसरा दिला. 1689 च्या नोव्हेंबरात रायगड पडला, येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू कैद झाले, आणि त्याच सुमारास राजाराम जिंजीत पोहोचले. रायगडापासून जिंजी सरळ रेषेत नऊशे किलोमीटरच्या वर आहे. एकच पूर, एकच फौज किंवा एकच फितुरी दोन्ही ठिकाणं एकदम बुडवू शकणार नाही, एवढं हे अंतर आहे. आम्ही आजही 'डीआर साइट' निवडताना नेमकं हेच बघतो.

जिंजी आयत्या वेळी शोधलेली नव्हती, ही त्याहून महत्त्वाची गोष्ट. शिवाजी महाराजांनी 1677 च्या दक्षिण मोहिमेत तो किल्ला घेतला, त्याची तटबंदी मजबूत केली. पुढे तिथला कारभार त्यांचे जावई हरजी महाडिक पाहत होते. पुढच्या संकटासाठीच महाराजांनी ही सोय केली असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. कारण काहीही असो, गरज पडली तेव्हा बारा वर्षं जपलेला, दाणागोटा आणि माणसं असलेला किल्ला हाताशी होता. त्या किल्ल्याने झुल्फिकारखानाला जवळजवळ आठ वर्षं झुंजवलं. 1698 च्या सुरुवातीला तो पडला तेव्हा राजाराम तिथून निसटले होते.

पण जिंजीच्या गडबडीत आपण पन्हाळा-विशाळगड विसरतो. राजा दक्षिणेत असताना इकडचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांनी 'हुकमतपनाह' म्हणून चालवला. प्रत्येक निर्णयासाठी जिंजीची परवानगी येईपर्यंत थांबायचं नाही, एवढे अधिकार त्यांना होते. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव दोन्ही मुलखांत दौडत होते. आमच्या धंद्यात दोन वेगळे शब्द आहेत. घर जळाल्यावर दूरच्या घरी जाणं ही 'डिझास्टर रिकव्हरी', आणि कारभार क्षणभरही न थांबणं ही 'हाय अव्हेलेबिलिटी'. मराठ्यांनी दोन्ही एकाच वेळी केलं.

काकांना हे ऐकवलं तर ते हसले. "अरे, पण पुढचं सोयीस्कर विसरलास. शाहू परत आले त्याचं काय?"

खरं आहे. औरंगजेब 1707 मध्ये वारला आणि मोगलांनी शाहूंना सोडलं. म्हणजे बंद पडलेला मूळ सर्व्हर अठरा वर्षांनी पुन्हा चालू झाला! तोवर ताराबाई सात वर्षं आपल्या मुलाच्या नावाने राज्य समर्थपणे चालवत होत्या. त्यांनी शाहू तोतया आहेत असंच जाहीर केलं. खेडला लढाई झाली, शाहूंचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला, ताराबाईंनी पन्हाळ्याकडे आपली गादी राखली. सरदारांना दोन्हीकडून हुकूम यायला लागले. हा घोळ कागदोपत्री मिटायला 1731 चा वारणेचा तह उजाडावा लागला, आणि तोही दोन राज्यं कायम ठेवूनच.

या आजाराला आम्ही 'स्प्लिट ब्रेन' म्हणतो. दोन सर्व्हर एकमेकांना दर सेकंदाला 'मी आहे' असा निरोप पाठवत असतात, त्याला हार्टबीट म्हणतात. मधली वायर तुटली की दोघेही जिवंत असतात, पण प्रत्येकाला वाटतं दुसरा गेला. मग दोघेही मालक होतात. एकाच खात्याची दोन चेकबुकं दोन भावांकडे आहेत आणि त्यांचं बोलणं बंद झालंय, अशी कल्पना करा! यावर उपाय म्हणजे तिसरं मत. आपल्या सोसायटीच्या मीटिंगला असतो तोच कोरम. तीनपैकी दोघांचं ज्याला मत, तो मालक. ज्याला मत मिळालं नाही त्याची वीजच तोडायची. या रीतीचं इंग्रजी नाव 'शूट द अदर नोड इन द हेड' असं आहे. आमचे लोक नावं ठेवण्यात फार नाजूक नाहीत.

आता यंत्रांचा इतिहास थोडक्यात. एका यंत्राच्या पोटात अनेक यंत्रं चालवण्याची युक्ती नवी नाही. आयबीएमच्या केंब्रिजमधल्या संशोधकांनी ती 1960 च्या दशकातच केली आणि 1972 मध्ये 'व्हीएम/370' बाजारात आणलं. कधीही न थांबणारी यंत्रं टॅन्डेम कंपनीने 1976 पासून विकली. डिजिटल कंपनीचे व्हॅक्सक्लस्टर 1983 चे. साध्या इंटेल सर्व्हरवर हे सगळं आणलं व्हीएमवेअरने. कंपनी 1998 ची, सर्व्हरसाठीचं ईएसएक्स 2001 चं. 2003 मध्ये, मी इंग्लंडमध्ये एम.एस्सी. करत होतो त्या वर्षी, चालू यंत्र न थांबवता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवण्याची सोय आली. आमच्या लॅबमध्ये ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चहा प्यायचा विसरलो होतो. आख्खं यंत्र म्हणजे एक फाइल! फाइल म्हणजे तिची कॉपी काढता येते. बॅकअपचा प्रश्न कायमचा सुटला, असं मी त्या दिवशी समजलो. हे समजणं मला पुढे महागात पडलं, ते सांगतोच.

शिकून मी मुंबईला आलो आणि 26 जुलै 2005 ने पहिला धडा दिला. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या अंधेरीच्या ऑफिसात सर्व्हर चौथ्या मजल्यावर सुखरूप होते. जनरेटर तळघरात होता.

आपल्या मुंबईतलं या विषयाचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजार, एनएसई. दलाल स्ट्रीटवरच्या आरडाओरड्याऐवजी पडद्यावरचा व्यवहार हेच एनएसईचं भांडवल. 1994 मध्ये तिथे शेअरचे व्यवहार सुरू झाले तेव्हापासून ती 'स्ट्रॅटस' कंपनीच्या, आतला एखादा भाग बिघडला तरी न थांबणाऱ्या यंत्रांवर चालायची आणि गावोगावचे दलाल व्हीसॅटच्या तबकड्यांनी जोडलेले असायचे. त्या काळात आपल्याकडे बँकेत तीन दिवसांनी चेक वटायचा, हे लक्षात घ्या.

आणि तरीही 24 फेब्रुवारी 2021 ला सकाळी 11 वाजून 40 मिनिटांनी एनएसईला सगळे व्यवहार थांबवावे लागले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी पावणेचारला आणि चालले पाचपर्यंत. मधल्या वेळात कित्येक दलालांनी गिऱ्हाइकांचे त्या दिवसापुरते सौदे मुंबई शेअर बाजारावर मिळेल त्या भावाने मिटवले. एनएसई पुन्हा उघडेल हे आधी कळलं असतं तर अनेकांनी ते तसे मिटवले नसते.

झालं काय होतं? बीकेसीतलं मूळ केंद्र आणि मुंबईतलंच जवळचं पर्यायी केंद्र यांच्यामध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन होत्या. एनएसईने दिलेल्या खुलाशानुसार रस्त्याच्या खोदकामांमुळे दोन्ही कंपन्यांच्या लाइन बिघडल्या. इथपर्यंत समजू शकतं, मुंबईत रस्ता खोदणं हा बारमाही सण आहे. लाइन तुटली तरी मूळ केंद्रातल्या साठवणुकीच्या यंत्रणेने, म्हणजे सॅनने, एकट्याने काम चालू ठेवावं अशी रचना होती. तिने तसं केलं नाही. सौदे जुळवणारी यंत्रणा चालू होती, पण जोखीम मोजणारी यंत्रणा सॅनसोबत बसली, आणि जोखीम न मोजता बाजार चालवता येत नाही. दूरच्या शहरात पूर्ण पर्यायी केंद्र होतं, तिकडे त्या दिवशी गेले नाहीत.

यावर भरपूर टीका झाली. माझं मत थोडं वेगळं आहे. बाजार भरात असताना दूरच्या केंद्रावर जायचं म्हणजे मधले काही सौदे हरवण्याची शक्यता पत्करायची. तो निर्णय घेणाऱ्या माणसाच्या खुर्चीत मी, लहान प्रमाणात का होईना, बसलोय. पाच मिनिटांत लाइन येईल असं सगळे सांगत असतात आणि ती पाच मिनिटं चार तास चालतात. सेबीने मार्च 2021 मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं. अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करा आणि त्यानंतर पाऊण तासात पर्यायी केंद्रावर चालू व्हा. म्हणजे थांबायचं किती, हे साहेबांच्या हिमतीवर सोडायचं नाही. 2 मार्च 2024 च्या शनिवारी तर खास सत्र भरवलं गेलं. पहिला भाग मूळ केंद्रावरून, दुसरा पर्यायी केंद्रावरून, आणि तेही खऱ्या पैशांचे सौदे!

दोन लाइन, पण रस्ता एकच, हे दुखणं बहारीनकरांना नवीन नाही. 30 जानेवारी 2008 ला अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या आणि दोनच दिवसांनी अमिरात आणि ओमानच्या दरम्यान फाल्कन केबल. या तिसरीच्या जागी पाच-सहा टनांचा, कुणीतरी सोडून दिलेला नांगर सापडला. मी इथे येऊन दीडएक वर्ष झालं होतं. घरी पुण्याला आईशी इंटरनेटवरून बोलणं बंद झालं, आणि ऑफिसात साहेब विचारत होते, "आपण दोन कनेक्शनचे पैसे भरतो ना?" भरत होतो. दोन्ही जाऊन मिळत होती त्याच समुद्रात.

आता माझी स्वतःची गोष्ट. 2011 मध्ये मनामातल्या एका कंपनीत (नाव नको) मी दोन सर्व्हरचा क्लस्टर उभा केला. एक बंद केला की दुसऱ्यावर सगळं दोन मिनिटांत चालू. डेमोला टाळ्या पडल्या. दोन्ही सर्व्हर एकाच सामायिक स्टोरेजवर होते. बॅकअपसाठी वेगळं यंत्र यायचं होतं, ते येईपर्यंत 'तात्पुरता' मी बॅकअपही त्याच स्टोरेजच्या कोपऱ्यात ठेवला. रोज सकाळी हिरवा रिपोर्ट यायचा. यंत्र आलं, खोक्यातच राहिलं. सात महिने.

एका बुधवारी रात्री ते स्टोरेज गेलं. दोन्ही सर्व्हर ठणठणीत, एकमेकांना इमानेइतबारे 'मी आहे, मी आहे' सांगत होते, पण चालवायला काही उरलंच नव्हतं. बॅकअपही त्याच्यासोबत गेला. रविवारी तीनशेवर कामगारांचे पगार व्हायचे होते. साइटवर राबणारी, बिहार-आंध्र-बांगलादेशातली माणसं. त्यांचे ओव्हरटाइमचे तास फक्त त्या डेटाबेसमध्ये होते, निदान मला तसं वाटत होतं.

वाचवलं ते आमच्या अकाउंटंटनी. केरळचे वयस्कर गृहस्थ, कॉम्प्युटरवर मुळीच विश्वास नसलेले. दर बुधवारी संध्याकाळी घरी जाण्याआधी ते आठवड्याची आकडेवारी एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून ती आपल्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद करत. मी एकदा त्यांची यावरून चेष्टाही केली होती. शुक्रवार-शनिवार दोन दिवस आम्ही दोघांनी बसून सगळं पुन्हा भरलं. रविवारी पगार झाले. त्यांनी मला एका शब्दाने टोचलं नाही, ते जास्त लागलं.

काकांना ही गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, शिवकाळाचं हेच तर झालं. राजधानीतलं दफ्तर सलग असं आपल्या हाती आलंच नाही. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी रायगडावरचे वाडेही जळाले. मग महाराजांची पत्रं आपल्याला मिळाली कुठून? ज्यांना ती लिहिली त्यांच्या घरांतून. देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांतून, मठांतून, देवस्थानांतून. वतनाचा पुरावा म्हणून त्यांनी ती रुमालात बांधून जपली. राजवाड्यांनी वाईच्या एका घरातले कागद घेऊन 1898 मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, आणि पुढे असेच दारोदार फिरून बावीस खंडांपर्यंत मजल मारली. प्रत्येक घराने आपल्यापुरतं जपलं, कुणी कुणाला विचारून नव्हे.

आज मी गिऱ्हाइकांना तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि एक इमारतीबाहेर, असं सांगतो. क्लस्टर म्हणजे बॅकअप नव्हे, हेही पहिल्याच मीटिंगमध्ये सांगतो. एखाद्याने चुकून फाइल पुसली तर क्लस्टर ती दोन्हीकडे तत्परतेने पुसतो! 2019 मध्ये ॲमेझॉनने बहारीनमध्ये तीन झोनचं क्लाउड केंद्र सुरू केलं तेव्हापासून "आता सगळं क्लाउडवर आहे, बॅकअप कशाला?" असं विचारणारे भेटायला लागले. त्यांना मी जिंजी सांगत नाही, ड्रॉवर सांगतो.

आणि दर तीन महिन्यांनी एका शुक्रवारी प्रत्येक गिऱ्हाइकाकडे बॅकअपमधून सगळं खरोखर उभं करून बघतो. मागच्या वेळी एका ठिकाणी 52 मिनिटं लागली. त्यातली 20 पासवर्ड ठाऊक असलेला माणूस सुट्टीवर असल्यामुळे गेली. तो पासवर्ड आता कागदावर लिहून, पाकिटात घालून, त्यांच्या अकाउंटंटच्या कपाटात ठेवलाय.