प्रसूती

गर्भाशयातून मूल व त्यामागोमाग वार बाहेर येण्याची क्रिया, बाळंतपण. शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून प्रसूतीची तारीख काढतात. ती अंदाजाची असते, नेमक्या त्या दिवशी फार थोडी मुले जन्मतात. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीची प्रसूती अकाली मानतात. बहुतेक प्रसूती नैसर्गिकपणे पार पडतात. परंतु धोका कोणत्याही बाळंतपणात, पूर्वसूचनेशिवाय उद्भवू शकतो. म्हणून प्रसूतीचा क्रम आणि धोक्याची लक्षणे दोन्ही पालकांना आधीच ठाऊक असणे आवश्यक आहे.

सुरुवात : अखेरच्या आठवड्यांत पोट खाली उतरते आणि अधूनमधून कडक होते. या खोट्या कळा अनियमित असतात व विश्रांतीने किंवा हालचालीने ओसरतात. खऱ्या कळांमधील अंतर कमी होत जाते आणि जोर वाढत जातो. पुष्कळदा त्या कंबरेतून पोटाकडे येतात. दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या तर पहिलटकरणीने रुग्णालयात जावे. पुढच्या खेपेस प्रसूती बहुधा लवकर होते, त्यामुळे तेव्हा याहून आधी निघावे. रुग्णालय दूर असल्यासही तेच करावे. अंगावरून पाणी गेल्यास कळा सुरू नसल्या तरी थांबू नये.

अवस्था : पहिल्या अवस्थेत गर्भाशयाचे मुख मऊ व पातळ होऊन १० सेंमी.पर्यंत उघडते. ५ सेंमी.पर्यंतची प्रगती संथ असते व तिला लागणारा वेळ प्रत्येकीचा वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्यापुढचा भाग पहिलटकरणीत सहसा १२ तासांत, पुढच्या बाळंतपणांत १० तासांत पूर्ण होतो. तासाला १ सेंमी. प्रगती झालीच पाहिजे, हा जुना निकष एकट्याने उपचार ठरवण्यास पुरेसा नाही, असे संघटना सांगते. या काळात गुंतागुंत नसल्यास चालणे, पाणी पिणे, सोयीच्या स्थितीत बसणे योग्य.

दुसरी अवस्था मूल जन्मेपर्यंतची. पहिलटकरणीत ती सहसा तीन तासांत, इतरांत दोन तासांत संपते. आतून जोर देण्याची भावना होईल तेव्हा जोर द्यावा. वरून पोट दाबणे किंवा प्रत्येकीच्या योनिमुखाला सरसकट छेद घेणे संघटना मान्य करत नाही.

तिसऱ्या अवस्थेत वार पडते. तिला सहसा अर्ध्या तासाहून कमी वेळ लागतो. अतिरक्तस्राव टाळण्यासाठी मूल जन्मताच मातेला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात. बाळ ठीक असल्यास नाळ किमान एक मिनिटानंतर बांधतात.

वेदना व सोबत : कंबर चोळणे, संथ श्वसन व उबदार शेक यांनी आराम पडतो, एपिड्यूरल या पाठीत दिलेल्या भुलीने वेदना बरीच कमी होते. वेदनाशमन मागणे हा दुबळेपणा नव्हे. आपल्या पसंतीची व्यक्ती जवळ असल्यास मातेला धीर येतो. प्रसूतिगृहात त्या व्यक्तीला येऊ देतात का, हे आधी विचारून ठेवावे.

सिझेरियन : मूल आडवे असणे, वारेने गर्भाशयमुख झाकणे, बाळाचे ठोके बिघडणे किंवा प्रगती थांबणे अशा कारणांनी ही शस्त्रक्रिया जीव वाचवते. मूल पायाळू असल्यासही बहुधा तिचा सल्ला देतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार भारतात २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. शस्त्रक्रिया ठरली तर कारण विचारण्याचा मातेला पूर्ण अधिकार आहे.

धोक्याची लक्षणे : लालभडक रक्तस्राव, बाळाची हालचाल मंदावणे, हिरवट पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, ताप आणि ३७ आठवड्यांपूर्वी कळा. यांपैकी एकही दिसल्यास सकाळची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव मातामृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. म्हणून पहिले २४ तास मातेवर बारीक लक्ष हवे.

नवजात : बाळाला कोरडे करून मातेच्या उघड्या छातीवर ठेवावे, तासाभरात स्तनपान सुरू करावे. पहिले पिवळसर दूध, चीक, टाकून देऊ नये. मध वा गुटी देऊ नये. पहिली अंघोळ २४ तासांनंतर घालावी.

तयारी व हक्क : रुग्णालय, वाहन, रक्तदाता आणि घरातील इतर मुलांची सोय आठव्या महिन्यापर्यंत ठरवावी. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, आहार व ने-आण विनामूल्य मिळते. महाराष्ट्रात १०८ व १०२ या क्रमांकांवर रुग्णवाहिका मागवता येते. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पात्र नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली. बाळंतिणीची उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास तो उपचारयोग्य आजार समजून डॉक्टरांना दाखवावे; तो वेळीच ओळखण्याची जबाबदारी पती व कुटुंबीयांचीही आहे.