फारखत, काडीमोड आणि संग्राहकांचें कर्तव्य

(१) जुन्या दप्तराचा रुमाल सोडतांच संग्राहकाची दृष्टि प्रथम सनदा, महजर व वतनाचे निवाडे यांवर जाते, आणि तें स्वाभाविकच आहे. बाकीच्या कागदांत 'फारखत' असा शब्द असलेलें एखादें पत्र आढळलें, तर तें बहुधा सावकारी कागदांत बांधून ठेविलें जातें. परंतु फारखत हें नांव केवळ कर्जफेडीच्या लेखाचें नव्हे. फारिग म्हणजे मोकळा व खत म्हणजे लेख. ऋणको धनकोपासून मोकळा झाला, भाऊ भावापासून विभक्त झाला, किंवा बायको नवऱ्यापासून सुटली, तरी होणाऱ्या लेखास हेंच नांव. कोण कशांतून मोकळें झालें, हें मजकूर वाचल्यावांचून कळत नाहीं. या तिसऱ्या प्रकारच्या पत्रांकडे विद्वान् वाचकांचें लक्ष वेधावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२) आमच्या धर्मशास्त्रास पतिपत्नींचा वियोग अगदींच अज्ञात होता, असा समज रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. धर्म्य अशा चार विवाहांस मोक्ष नाहीं, असें कौटिल्य म्हणतो. पण त्याच धर्मस्थीय अधिकरणांत, उभयतांचा परस्परांविषयीं द्वेष असल्यास मोक्ष होतो, एकाच्याच द्वेषानें दुसऱ्याच्या इच्छेविरुद्ध होत नाहीं, असाही नियम त्यानें घालून दिला आहे. पति नाहींसा होणें, मरणें, संन्यास घेणें, क्लीब असणें व पतित होणें या पांच आपत्तींत स्त्रीस अन्य पति नारद व पराशर सांगतात. माधवाचार्यांनीं मात्र पराशराचें तें वचन युगांतराचें म्हणून बाजूस सारिलें.

याज्ञवल्क्याचें मत अधिक व्यवहारोपयोगी आहे. आज्ञाधारक, दक्ष, पुत्रवती व गोड बोलणारी अशी पत्नी जो टाकील, त्याजकडून त्याच्या द्रव्याचा तिसरा हिस्सा तिला देववावा. तो निर्धन असल्यास तिचें भरणपोषण तरी करवावें. कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दींत (१०७६–११२६) विज्ञानेश्वरानें याच स्मृतीवर मिताक्षरा लिहिली. टाकलेल्या स्त्रीच्या पोटगीचा प्रश्न पाश्चात्त्यांनीं आणिला नाहीं, हें यावरून स्पष्ट होतें.

(३) शास्त्रापेक्षां लोकाचार पुष्कळ पुढें होता. ब्राह्मणांत व त्यांचें अनुकरण करणाऱ्या जातींत काडीमोड नव्हती. परंतु इतर अनेक जातींत ती जातीच्या पंचांसमक्ष होत असे. गवताची काडी मोडणें हें संबंध तुटल्याचें चिन्ह. सोडचिठ्ठी हातीं आली म्हणजे स्त्रीस पाट लावण्यास मोकळीक मिळे. ती नसतां दुसरें घर केल्यास जातीचा दोष येई. पाट लागला म्हणजे पाटदाम नांवाची पट्टी सरकारांत भरावी लागे. म्हणजे हा व्यवहार घरांत आरंभून जातींत ठरे व सरकारच्या हिशेबांत उमटे. म्हणूनच त्याचे कागद तिहींकडे शोधिले पाहिजेत.

अशा पत्रांत पाहावयाच्या गोष्टी चार : सोडणूक कोणीं मागितली, लग्नाचा खर्च कोणीं कोणास परत केला, अंगावरचे दागिने कोणाकडे राहिले, आणि मुलें कोणाच्या घरीं गेलीं. सामान्यतः मुलें बापाच्या कुळाचीं मानिलीं जात. अंगावर पिणारें मूल तेवढें आईजवळ राही. या चौथ्या बाबीचा उल्लेख एखाद्याच ओळीचा असला, तरी तीच ओळ सर्वांत मोलाची समजावी.

(४) इंग्रजी अमलांत या व्यवहारास विलक्षण वळण लागलें. एल्फिन्स्टनच्या कारकीर्दींत १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनानें देशाचार न्यायास आधारभूत मानिला, आणि स्टील यानें दक्षिणेंतील जातींच्या चालीरीतींचा संग्रह केला. परंतु पुढें मुंबई हायकोर्टानें १८७६ सालीं असें ठरविलें कीं, विवाह रद्द ठरविण्याचा अथवा स्त्रीस पुनः लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार कोर्ट मान्य करीत नाहीं, आणि अशा परवानगीवर प्रामाणिकपणें विश्वास ठेविला ही सबबही चालत नाहीं. जें गांवांत पंचांच्या साक्षीनें शुद्ध ठरलें होतें, तें फौजदारी कचेरींत दंडविधानाच्या ४९४ व्या कलमाखालीं गुन्हा ठरलें. पंचांचा शब्द प्रमाण मानून दुसरें घर करणाऱ्या स्त्रीवर केवढा प्रसंग ओढवला असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

उलटपक्षीं, आमच्या शास्त्रांत नसलेला एक दावा कोर्टांत शिरला. नांदावयास येण्याचा हुकूम मागण्याची रीत इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतील. तिच्या आधारें रखमाबाईंवर १८८४ सालीं दावा झाला. न्यायमूर्ति पिन्ही यांनीं १८८५ त तो काढून टाकिला. अपिलांत निकाल फिरला, आणि १८८७ त सासरीं जा अथवा तुरुंगांत जा असा हुकूम झाला. १८८८ त पैसे देऊन तडजोड झाली.

(५) कायद्यानें काडीमोडीस पुनः जागा दिली ती हळूहळू : कोल्हापुरांत १९१९, बडोद्यांत १९३१, मुंबई इलाख्यांत १९४७ आणि अखेर १९५५ चा हिंदु विवाह कायदा. या शेवटच्या कायद्याच्या २९ व्या कलमानें रूढीनें प्राप्त झालेला काडीमोडीचा हक्क राखून ठेविला आहे. मात्र अशी रूढि आपल्या जातींत आहे हें सांगणारानें तें सिद्ध केलें पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं बजाविलें. मुलांच्या बाबतींत १८९० च्या पालकत्वाच्या कायद्यापासून मुलाच्या हिताकडे पाहण्याचें तत्त्व आलें. १९५६ च्या कायद्यानें तें सर्वोपरि मानिलें, आणि पांच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावें असें सांगितलें. जुन्या पत्रांतील अंगावरच्या मुलाचा नियम व हा नियम यांत अंतर आहे; पण दोहोंच्या मुळाशीं असलेली जाणीव एकच.

(६) आतां संग्राहकांस विनंति. रूढि सिद्ध व्हावयाची ती अशाच कागदांनीं. तीस वर्षांहून जुना लेख योग्य ताब्यांतून पुढें आला, तर त्यावरील सही व अक्षर खरें मानण्याची मुभा न्यायालयास १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें दिली होती, व २०२३ च्या नव्या कायद्यानेंही ती कायम ठेविली आहे. यांतील 'योग्य ताबा' हे शब्द आम्ही अधोरेखित करूं इच्छितों. पत्र रुमालांतून काढून सुटें विकलें, कीं त्याचा ताबा तुटला. मग तें पाहण्यास सुंदर राहील, पण साक्ष देणार नाहीं. याकरितां कागद कोणत्या गांवच्या, कोणत्या घराण्याच्या, कोणत्या रुमालांतून मिळाला, याची टीप लिहून ठेवावी. मूळ जुडी मोडूं नये. आणि फारखत हा शब्द दिसतांच सावकारी असा शिक्का न मारितां मजकूर शेवटपर्यंत वाचावा.

सनदेवरून वतन कोणाचें हें कळतें. या पत्रांवरून एखादी स्त्री कोणाची पत्नी होती, कोणापासून मोकळी झाली, आणि तिचें मूल कोठें वाढलें, हें कळतें. पहिल्या प्रकारचे कागद जपण्यास वतनदार होते. दुसऱ्यांस आपल्यावांचून कोणी वाली नाहीं.