कण आणि अव्यय

इंग्रजींत पदार्थाचा सूक्ष्म कण आणि व्याकरणांतील 'च', 'ही' यांसारखा चिमुकला शब्द या दोहोंस 'पार्टिकल' हें एकच नांव आहे. सोलापुरास आमच्या वर्गांत एका विद्यार्थ्यानें व्याकरणविषयक उताऱ्यांत त्याचें भाषांतर 'कण' असें केलें, तेव्हां वर्ग हंसला. आम्हांस मात्र त्यानें विचारास लाविलें.

आपल्याकडे हीं नांवें प्रथमपासूनच निराळीं. वैशेषिकांनीं 'परमाणु' अविभाज्य मानिला. यास्कानें निरुक्तांत 'निपात' वेगळे काढिले. आणि लिंग, वचन, विभक्ति यांनीं न बदलणाऱ्या शब्दास वैयाकरणांनीं 'अव्यय' म्हटलें. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत तीच संज्ञा चालत आली.

दोन्ही नांवांत अविकाराची ग्वाही आहे, आणि दोन्ही ठिकाणीं काळानें ती मोडिली. डाल्टननें १८०८ सालीं अविभाज्य म्हणून मांडलेल्या अणूहूनही सूक्ष्म असा इलेक्ट्रॉन १८९७ सालीं टॉमसननें दाखवून दिला. इकडे १२९० सालच्या ज्ञानेश्वरींतील 'चि' झिजून आपला 'च' झाला. तथापि 'तूं गेलास' आणि 'तूंच गेलास' यांतील भेद अजून त्या एका अक्षरावरच तोललेला आहे.

शास्त्रांतील नांव ही त्या काळच्या ज्ञानाची नोंद होय. तिला अखेरचा निकाल मानूं नये. विद्यार्थ्याच्या एका चुकीच्या पाठीं लागून आम्ही एवढें शिकलों.