वहीतला नंबर, कांद्याचा ब्राउझर

आमच्या बिलोलीत दहा वर्षांपूर्वी मोबाइलचं रिचार्ज म्हणजे एक वही होती. दुकानाच्या काउंटरवर दोनशे पानी वही आणि तिला सुतळीनं बांधलेला पेन. आपला नंबर लिहायचा, पुढे कंपनी, पुढे रक्कम. आपल्या आधी कोण येऊन गेलं ते वरच्या ओळीत दिसायचं. गाव लहान. कोणत्या ओळीतला नंबर कोणाच्या घरातला, हे ओळखायला फार हुशारी लागायची नाही.

२०१६च्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या मावसबहिणीचा नंबर त्या वहीतून बाहेर पडला. आधी मिस्ड कॉल, मग रात्री-अपरात्री फोन, मग घाणेरडे मेसेज. कोण करतंय ते शेवटपर्यंत कळलं नाही. काकांनी दोन दिवस चौकशी केली आणि तिसऱ्या दिवशी त्यांना सोपा वाटला तो उपाय केला. फोन बंद करून कपाटात ठेवला. तिची बारावी झाली होती, नर्सिंगचा अर्ज भरला होता, आणि प्रवेशाचा निरोप त्याच नंबरवर यायचा होता. आम्हाला कळलं तेव्हा तारीख उलटून गेली होती. तिचं एक वर्ष गेलं.

मी तेव्हा नांदेडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन गावी आलो होतो. माझ्या फोनमध्ये ऑर्फॉक्स नावाचा ब्राउझर होता. यातून इंटरनेट वापरलं की कोणाला माग लागत नाही, आतून कांद्यासारखे थर असतात, असं मी घरभर रुबाबात सांगत फिरायचो. बहिणीनं ते सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दादा, तुझ्या त्या कांद्याच्या ब्राउझरनं माझा नंबर वहीतून पुसला जातो का रे?"

मी गप्प बसलो. पुढच्या काही वर्षांत तो ब्राउझर कुठून आला, कोणी लिहिला, हे शोधत गेलो. जे सापडलं ते मला अजूनही नवलाचं वाटतं. जगातल्या बलाढ्य सरकारांना आणि कंपन्यांना चकवणाऱ्या या सॉफ्टवेअरचा काही भाग सुट्टीतल्या विद्यार्थ्यांनी लिहिलेला आहे.

तीन पाकिटं

आधी कांदा समजून घेऊ. समजा, बिलोलीहून मुंबईला चिठ्ठी पाठवायची आहे, पण कोणी कोणाला पाठवली हे वाटेत कोणालाच कळू द्यायचं नाही. मग चिठ्ठी एका पाकिटात, ते दुसऱ्या पाकिटात, ते तिसऱ्यात घालायचं. नरसीचा माणूस बाहेरचं पाकीट फोडतो. त्याला एवढंच कळतं की ते बिलोलीहून आलंय आणि नांदेडला द्यायचंय. नांदेडचा माणूस दुसरं फोडतो. त्याला फक्त नरसी आणि परभणी ठाऊक. परभणीचा तिसरं फोडून चिठ्ठी मुंबईला धाडतो, पण ती निघाली कुठून हे त्याला माहीत नसतं. टॉर नावाचं जाळं असंच चालतं. पाकिटांच्या जागी कुलूपबंद थर आणि माणसांच्या जागी जगभरच्या स्वयंसेवकांनी चालवलेले संगणक.

ही कल्पना १९९०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत निघाली. तिच्यात एक गंमतशीर अडचण होती. हे जाळं फक्त नौदलानं वापरलं, तर त्यातून येणारा प्रत्येक जण नौदलाचाच हे उघड होणार. लपायला गर्दी लागते. म्हणून ते सगळ्यांसाठी खुलं करावं लागलं आणि त्याचा कोडही उघडा ठेवावा लागला. कुलूप कसं बनवलंय हे कोणालाही तपासता आलं, तरच अनोळखी माणूस त्यावर विश्वास ठेवणार. २००२ पासून रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांनी नौदलाच्या पॉल सायव्हरसनबरोबर हे काम पुढे नेलं. २००६ मध्ये टॉर प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था झाली. काम डोंगराएवढं होतं आणि पगारी माणसं मोजकी.

सुट्टीचा पगार

२००५ मध्ये गुगलनं 'समर ऑफ कोड' सुरू केलं. विद्यार्थ्यानं एखाद्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाला सांगायचं, तुमच्यासाठी मी अमुक एक गोष्ट बनवतो. प्रकल्पानं त्याला निवडायचं आणि एक मार्गदर्शक द्यायचा. कोड सगळ्यांसमोर लिहायचा, सगळ्यांसमोर तपासून घ्यायचा, आणि पैसे गुगलनं द्यायचे. पहिल्या वर्षी जागा २०० होत्या आणि अर्ज आले ८,७४०. शेवटी जागा वाढवून ४१९ कराव्या लागल्या. काम पुरं करणाऱ्याला ४,५०० डॉलर मिळणार होते.

इथं एक विसंगती आहे आणि ती झाकायचं कारण नाही. गुगलची कमाई मुख्यतः जाहिरातींची, आणि त्या जाहिराती आपण काय शोधतो, काय बघतो यावर चालतात. माग पुसणारं सॉफ्टवेअर लिहायला पैसे दिले ते माग काढून पोट भरणाऱ्या कंपनीनं.

२००७ मध्ये टॉर या कार्यक्रमात आलं, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेबरोबर. त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांत जर्मनीचा कार्स्टन लोएसिंग होता. टॉरमध्ये अशी संकेतस्थळंही असतात की ज्यांचा संगणक कुठं ठेवलाय हे कोणालाच कळत नाही. पण अशा स्थळापर्यंत पोचायची माहिती तेव्हा फक्त तीन ठरावीक संगणकांवर असायची. ते तीन पडले किंवा कोणी दाबले, तर सगळंच ठप्प. ही माहिती जाळ्यातल्या पुष्कळ संगणकांवर वाटून ठेवायची रचना कार्स्टननं मांडली आणि लिहून काढली. सुट्टीतलं काम ते. पण २०२१ मध्ये नव्या रचनेनं तिची जागा पूर्ण घेतली तोपर्यंत, चौदा वर्षांनंतरही, ती वापरात होती. कार्स्टन पुढं टॉरमध्येच राहिला आणि जाळं किती लोक वापरतात हे कोणाचीही ओळख न उघडता मोजायचं काम त्यानं वर्षानुवर्षं केलं.

२००९ मध्ये नॉर्वेची विद्यार्थिनी रूना सँडविक याच वाटेनं आली. डिसेंबर २०१२ मध्ये हवाई बेटांवर तिनं लोकांना अशी साधनं शिकवण्याची एक बैठक घेतली. तिच्याबरोबर ती बैठक भरवणारा माणूस होता एडवर्ड स्नोडेन. सहा महिन्यांनी त्याचं नाव जगाला कळलं. रूना पुढं 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये माहिती सुरक्षेची प्रमुख झाली आणि २०१७ मध्ये त्या वर्तमानपत्राची टॉरवरची आवृत्ती सुरू झाली.

आता माझा ऑर्फॉक्स. टॉरचा ब्राउझर मुळात संगणकासाठी होता. आपल्याकडं तर इंटरनेट म्हणजेच फोन. माझ्या घरात आजही संगणक नाही. अँड्रॉइडवर गार्डियन प्रोजेक्ट या संस्थेचा ऑर्वेब नावाचा ब्राउझर होता, पण तो फोनच्याच तयार इंजिनावर बसवलेला असल्यामुळं त्यातून माहिती गळायची शक्यता उरायची. २०१४ मध्ये समर ऑफ कोडमधून आलेल्या अमोघ प्रदीप या भारतीय विद्यार्थ्यानं टॉर ब्राउझरचाच कोड अँड्रॉइडसाठी बांधता येतो हे करून दाखवलं. त्यातून ऑर्फॉक्स आला. मे २०१९ मध्ये टॉरचा स्वतःचा अँड्रॉइड ब्राउझर पक्का झाला आणि ऑर्फॉक्सनं निरोप घेतला.

२०१५ मध्ये गुगलच्या यादीत टॉरचं नाव आलं नाही. तेव्हा त्यांनी स्वतःच 'टॉर समर ऑफ प्रायव्हसी' काढलं. त्यात आयर्लंडच्या डोनखा ओ केरवलनं ओनियनबॅलन्स लिहिलं. टॉरवरच्या एकाच स्थळाचा भार अनेक संगणकांवर वाटणारं साधन. आज तो ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या सिक्युरिटी लॅबचा प्रमुख आहे. पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर कोणाकोणाच्या फोनमध्ये शिरलं होतं, याचे तांत्रिक पुरावे २०२१ मध्ये याच लॅबनं शोधले. त्यात भारतातल्या पत्रकारांचे फोनही होते.

उन्हाळा कोणाचा?

हे सगळं वाचून मलाही चेव आला. २०१७ मध्ये मी अर्ज भरला.

तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की हा उन्हाळा आपला नाहीच. काम मेच्या शेवटापासून ऑगस्टच्या शेवटापर्यंत. अमेरिकेत, युरोपात ती सुट्टी. आपल्याकडं मे अर्धा परीक्षेत जातो आणि जुलैत पुढचं सेमिस्टर सुरू होतं. त्यात बिलोलीचा मे महिना: दुपारी लाइट गेली की पंखाही नाही आणि नेटवर्कही नाही, सकाळ पाण्याच्या मागं. तरीही गेली कित्येक वर्षं या कार्यक्रमात भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येनं असतात, हे त्या पोरांच्या चिकाटीचं.

दाराबाहेर कोण राहतं हा प्रश्न जुनाच आहे. २००६ मध्ये ग्नोम या प्रकल्पाकडं समर ऑफ कोडचे १८१ अर्ज आले. त्यात एकही मुलीचा नव्हता. आपल्याकडं मुली येतच नाहीत, असं म्हणून त्यांनी विषय संपवला नाही. त्यांनी मुलींसाठी वेगळी उन्हाळी योजना काढली आणि सहा जणींना घेतलं. तीच योजना आज आउटरीची म्हणून चालते आणि इतरही वंचित गटांना घेते. समर ऑफ कोडनंही २०२२ पासून विद्यार्थी असण्याची अट काढली. आता अठरा वर्षं पूर्ण केलेला, मुक्त सॉफ्टवेअरमध्ये नवखा असलेला कोणीही अर्ज करू शकतो, आणि काम लांबवून करायचीही सोय आहे.

माझी निवड झाली नाही. पण अर्जावर एका मार्गदर्शकानं एक प्रश्न विचारला होता. तुझ्या अर्जात 'वापरकर्ता' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, तर हा वापरकर्ता नेमका कोण? त्याला भीती कोणाची आहे?

मी अमेरिकी गुप्तहेर संस्थांबद्दल दीड पान लिहिलं होतं. वहीबद्दल एक ओळ नव्हती.

चुकीच्या दाराचं कुलूप

मग मागं वळून पाहिलं. कार्स्टनला तीन संगणक खुपत होते. अमोघनं हातातला फोन समोर ठेवला. ग्नोमवाल्यांना १८१ अर्जांतली रिकामी जागा दिसली. ज्याला जे टोचतं तेवढ्याचंच कुलूप तो बनवतो. बिलोलीत जे टोचतं ते बिलोलीतून कोणी सांगितलं नाही, तर त्याचं कुलूप बनणारच नाही.

गंमत बघा. एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सॲपनं जगभरातल्या सगळ्या संभाषणाला सिग्नलच्या पद्धतीचं कुलूप लावलं. मधल्या कोणालाही, अगदी कंपनीलाही, मेसेज वाचता येणार नाही. म्हणजे माझ्या बहिणीला आलेले घाणेरडे मेसेजसुद्धा जगातल्या उत्तम कुलपात सुरक्षित होते. उघडा होता तो फक्त तिचा नंबर.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. माझ्या हुकलेल्या उन्हाळ्याचा तो शेवटचा आठवडा. बातमी मी बहिणीला पाठवली. तिनं विचारलं, हे दुकानदाराला कोण सांगणार?

उत्तरं आली, पण सावकाश. दुकानात नंबराऐवजी ओटीपी सांगून रिचार्ज करायची सोय मोबाइल कंपनीनं काढली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सिग्नलनं आपला नंबर समोरच्याला न देता फक्त घेतलेल्या नावावर बोलायची सोय दिली. तोपर्यंत बिलोलीतली वही गेली होती. यूपीआय आलं, घरबसल्या रिचार्ज आलं. वहीवर इलाज निघाला तेव्हा वहीच उरली नव्हती.

अंगठा

बहीण दुसऱ्या वर्षी नर्सिंगला लागली. आता नांदेडच्या एका दवाखान्यात आहे. मी हैदराबादला नोकरी करतो. बिलोलीच्या पोरांना पुण्यापेक्षा ते जवळ. दिवाळीत गावी गेलो की कोड शिकणारी तीन-चार पोरं भेटायला येतात आणि समर ऑफ कोडचा अर्ज कसा भरायचा विचारतात. मी आधी एकच विचारतो: वापरणारं माणूस कोण, त्याचं नाव-गाव सांगा.

मागच्या दिवाळीत बहीणही तिथंच बसली होती. ती म्हणाली, "दादा, मी सांगू?" त्यांच्याकडं डॉक्टरांना विचारायचं असलं की केसपेपराचा फोटो काढून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकतात. ग्रुपमध्ये तीस-चाळीस जण. कोणाला टीबी आहे, कोणाची एचआयव्हीची तपासणी झाली, कोण लग्नाआधी पोटुशी आहे, सगळं नावासकट. तिला ते बघवत नाही. म्हणून फोटो काढताना ती डाव्या हाताचा अंगठा पेशंटच्या नावावर ठेवते.

सिग्नलमध्ये २०२० पासून फोटोतला चेहरा धूसर करता येतो. अमेरिकेतल्या निदर्शकांसाठी ती सोय आली. ॲप चेहरा आपोआप शोधतं. घाईत मराठीत खरडलेलं पेशंटचं नाव त्याला सापडत नाही. ते बोटानं पुसावं लागतं, आणि वॉर्डात एवढा वेळ कोणाकडं असतो?

पोरांपैकी एकानं लगेच फोन काढला आणि टिपून घ्यायला सुरुवात केली. अकरावीला आहे तो. त्यानं तिला विचारलं, "ताई, नाव कागदावर नेहमी एकाच जागी असतं का?"

ती म्हणाली, "छापील कागदावर असतं. कागद संपले की वहीच्या पानावर लिहितात, मग कुठंही."