पाणचक्कीचं एक युनिट

मी उर्दू-मराठीचा शिक्षक. विज्ञानाचे सर रजेवर होते म्हणून नववीचा तास माझ्याकडे आला. पुस्तकात पाहून फळ्यावर लिहिलं : 1 युनिट वीज = 1 किलोवॅट-तास = 36 लाख ज्यूल. एका मुलीने विचारलं, "सर, 36 लाख ज्यूल म्हणजे नेमके किती?" मला सांगता येईना. पुढच्या शनिवारी मुलांना घेऊन पाणचक्कीवर गेलो.

खाम नदीकाठी, हजरत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ही चक्की आहे. 1744 च्या सुमारास ती उभी राहिली. हर्सूलच्या बाजूने, कित्येक किलोमीटरवरून मातीच्या नळांतून पाणी आणलं. ते उंचावरून खाली सोडलं, की त्याच्या जोराने पाती फिरत आणि वरचा दगडही फिरे. दर्ग्यात उतरणाऱ्या फकिरांच्या आणि मुसाफिरांच्या रोटीचं पीठ इथे दळलं जाई.

त्यानंतर साधारण शंभर वर्षांनी इंग्लंडात जेम्स ज्यूलने उलटा खेळ मांडला. खाली उतरणाऱ्या वजनांनी पाती फिरवली, पात्यांनी भांड्यातलं पाणी ढवळलं आणि पाणी किंचित तापलं. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइट तापवायला 772 फूट-पौंड काम लागतं, असा आकडा त्याने 1850 मध्ये छापला. काम आणि उष्णता एकाच नाण्यात मोजता येतात, हे त्यातून पक्कं झालं. आज त्या नाण्याला त्याचंच नाव आहे.

मग तिथेच हिशोब केला. एक लिटर पाणी एक मीटर खाली पडलं, की 9.8 ज्यूल मिळतात. समजा, पाणी सहा मीटरवरून पडतं, तर एका युनिटसाठी सुमारे 61 हजार लिटर लागेल. खाण्याच्या भाषेत एक युनिट म्हणजे 860 किलोकॅलरी, म्हणजे जेमतेम पाव किलो गव्हाचं पीठ! धडधाकट माणूस सलग काम करतो ते साधारण 75 वॅटने. त्याला एक युनिट काम करायला 13 तासांहून जास्त लागतील.

हे ऐकून मुलं गप्प झाली. मला माझी नानी आठवली. फजरच्या आधी तिचं जातं सुरू व्हायचं. तिच्या तळहातांवरचे घट्टे मी लहानपणी बोटाने चाचपायचो. ते काम कुणी युनिटमध्ये मोजलं नाही, त्याचं बिलही कधी आलं नाही.

आपण इतिहासात चक्की कुणी बांधली ते शिकवतो. त्या पाण्याने किती मनगटांचं ओझं हलकं केलं, तेही शिकवायला हवं. त्याचा हिशोब नववीच्या गणितात बसतो.

सोमवारी ती मुलगी घरचं वीजबिल घेऊन आली. महिन्याचे 92 युनिट. तिने मागे पेन्सिलने भागाकार केला होता : "सर, आमच्या घरात रात्रंदिवस दोघांच्या जवळपास माणसं राबतायत."

मी गुणाकार करून पाहिला. बरोबर होता.