परिभाषारचना, नागपूर येथील

एका भाषेतील शास्त्रीय वा शासकीय संज्ञांना दुसऱ्या भाषेत निश्चित अर्थाचे प्रतिशब्द देण्याचे काम स्वातंत्र्याच्या आगेमागे नागपूर येथे मोठ्या प्रमाणावर झाले. या कामाचे प्रवर्तक रघुवीर (३० डिसेंबर १९०२ – १४ मे १९६३) हे होत. मूळचे रावळपिंडीचे रघुवीर लाहोर येथे संस्कृतचे प्राध्यापक होते. तेथेच त्यांनी सरस्वती विहार ही संस्था स्थापिली आणि इंग्रजी–भारतीय महाकोशाच्या कामास आरंभ केला. १९४६ च्या सुमारास त्यांनी संस्थेसह नागपूरला स्थलांतर केले. मध्य प्रांत व वऱ्हाडचे मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांचा त्यांना आश्रय होता.

नागपूर ही त्या वेळी द्विभाषिक प्रांताची राजधानी होती. महाकोशल भागाची भाषा हिंदी, तर नागपूर-वऱ्हाडची मराठी. न्यायालये, खाती आणि महाविद्यालये इंग्रजीतून देशी भाषांकडे वळवावयाची, तर प्रत्येक शब्द दोन्ही भाषांना चालला पाहिजे, अशी अडचण होती. संस्कृतचा आधार घेतल्याने ती सुटेल ही अपेक्षा अर्धीच खरी ठरणारी होती. कारण तत्सम शब्द दोन भाषांत भिन्न अर्थांनी रुळले आहेत. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. ‘आपत्ती’ हिंदीत आक्षेपही होतो, मराठीत केवळ संकट. शिक्षणखात्याला ‘शिक्षा विभाग’ हे नाव दिले असते, तर मराठी पालकांची काय समजूत झाली असती, हे सांगावयास नको. १९५० च्या राजभाषा अधिनियमाने मध्य प्रदेशात हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा झाल्या, तेव्हा हा प्रश्न रोजच्या कारभाराचा बनला. या प्रांताच्या विधानसभेचे अध्यक्ष घनश्यामसिंह गुप्त हेच भारतीय संविधानाच्या हिंदी अनुवाद समितीचेही अध्यक्ष होते.

रघुवीरांची पद्धती गणितासारखी होती. संस्कृतातील सु. ५२० धातू, २० उपसर्ग आणि ८० प्रत्यय यांच्या संयोगाने लाखो शब्द सिद्ध करता येतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. एकेका इंग्रजी शब्दाला सुटा प्रतिशब्द न देता त्याचे सगळे कुटुंब एका धातूभोवती उभे करावे, हा त्यांचा खरा विशेष. ‘विधी’ हा कायद्याचा शब्द मानला की विधान, विधेयक, विधायक, संविधान ही मालिका आपोआप जुळते. ‘कायदा’पासून अशी मालिका निघत नाही, कायदेशीर, बेकायदा अशा थोड्याच रूपांवर थांबावे लागते. शासकीय भाषेपुरता हा युक्तिवाद बिनतोड आहे.

रसायनशास्त्रात त्यांनी हेच सूत्र अधिक धाडसाने वापरले. ऑक्सिजन म्हणजे जारक, हायड्रोजन म्हणजे उदजन, नायट्रोजन म्हणजे भूयाती, कार्बन म्हणजे प्रांगार. सोडियम व पोटॅशियम हे अनुक्रमे क्षारातू व दहातू. जारक शब्दामागे रसशास्त्रातील ‘जारण’ ही प्राचीन प्रक्रिया आहे. या नावांची टर उडविणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र लक्षात घेतली नाही : रशियन भाषेने हेच केले आहे. तेथे ऑक्सिजनला ‘किस्लोरोद’ म्हणजे अम्लजनक, हायड्रोजनला ‘वोदोरोद’ म्हणजे जलजनक आणि कार्बनला ‘उग्लेरोद’ म्हणजे अंगारजनक म्हणतात. उदजन व वोदोरोद यांची घडण अक्षरशः एक आहे. जर्मनमध्येही याच धर्तीचे शब्द रूढ आहेत. फरक एवढाच, की रशियात ही नावे एकोणिसाव्या शतकात, रसायनशास्त्राचे अध्यापन बाळसे धरीत असतानाच रुजली. नागपूरच्या विद्यार्थ्याने मात्र इंग्रजी नाव आधीच शिकलेले होते, आणि सूत्रांतील चिन्हेही त्याच नावांशी बांधलेली होती.

परभाषेतील संज्ञा उचलताना नावापेक्षा अर्थ अधिक दगा देतो, याचे उत्तम उदाहरण शवसंलेपनाच्या परिभाषेत मिळते. इंग्रजी व रशियन या दोन्ही भाषांतील त्याचे शब्द ‘बाल्सम’ या सुगंधी डिंकाच्या नावावरून आले आहेत, तर मराठी शब्दात ‘लेप’ आहे. आधुनिक क्रियेत लेप किंवा डिंक मुख्य नसतो. धमन्यांतून फॉर्मॅलिनयुक्त द्रावण सोडणे हा तिचा गाभा. शिवाय रशियन ‘बाल्झामिरोवानिये’ या शब्दाला वेगळा इतिहास चिकटला आहे. शल्यविशारद पिरगोव्ह यांचे शव १८८१ मध्ये व्हिवोद्‌त्सेव्ह यांनी टिकविले. १९२४ मध्ये लेनिन यांच्या शवावर व्होरोब्योव्ह व झ्बार्स्की यांनी प्रक्रिया केली आणि ग्लिसरीन व पोटॅशियम ॲसिटेट यांच्या द्रावणाने ते कायम राखण्याची पद्धती बसविली. त्यामुळे रशियन शब्दात अंत्यविधीपूर्वीची तात्पुरती व्यवस्था आणि दीर्घकालीन परिरक्षण हे दोन्ही अर्थ सामावतात. इंग्रजी शब्द मात्र प्रामुख्याने पहिल्या अर्थाने वाचला जातो. तेव्हा अनुवादकाला ‘दीर्घकालीन’ असे विशेषण स्वतः जोडावे लागते. शब्दाची व्युत्पत्ती समान असली, तरी व्याप्ती समान असतेच असे नाही. मराठीत नव्याने शब्द योजणाऱ्याने ‘लेप’ सोडून ‘परिरक्षण’ स्वीकारले, तर निदान क्रियेचे चुकीचे चित्र उभे राहणार नाही. धातूवरून कार्य सांगणारा शब्द घडवावा, या रघुवीरांच्या आग्रहाचे बळ अशा ठिकाणी दिसते.

१९५५ मध्ये त्यांचा शासकीय व शैक्षणिक शब्दांचा विस्तृत इंग्रजी–हिंदी कोश प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी राज्यपुनर्रचनेमुळे द्विभाषिक प्रांत संपला. नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले, राजधानी भोपाळला हलली आणि रघुवीरांनी संस्था दिल्लीस नेली. ज्या प्रशासनासाठी हे शब्द घडविले होते, तेच एका अर्थाने नाहीसे झाले. १९६१ मध्ये केंद्र शासनाने नेमलेल्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाने मूलद्रव्यांची आंतरराष्ट्रीय नावे तशीच ठेवण्याचे धोरण स्वीकारले. दौलतसिंह कोठारी हे या आयोगाचे पहिले अध्यक्ष होते. महाराष्ट्रात १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले. त्याचा पदनाम कोश १९६२ मध्ये निघाला आणि त्यातील अनेक शब्दांची वृत्तपत्रांनी यथेच्छ टिंगल केली. मराठी विश्वकोशानेही ऑक्सिजन, हायड्रोजन ही नावेच ठेवली आहेत.

उपहासाचा मोठा वाटा अन्यायाचा होता. ‘लौहपथगामिनी’सारखे शब्द रघुवीरांच्या माथी मारले गेले, ते त्यांच्या कोशांपेक्षा विनोदी लेखकांच्या प्रतिभेचे देणे दिसतात. जारक आणि भूयाती आज कोणी उच्चारीत नाही. विधेयक, अधिनियम, अधिसूचना हे मात्र महाराष्ट्राच्या शासकीय राजपत्रात छापले जातात, आणि ते परके आहेत असे वाचणाऱ्यास वाटत नाही.